लाट, मडम आणि माझ्या लग्नाची गोरज

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. एकदा मी सांगायला लागलो की तुमच्यातल्या निम्म्यांना माझी कीव येईल, आणि कीव करणारी माणसं मला मुळीच सोसत नाहीत. चहा पुढं ओढा आणि ऐका, एका शहाण्या माणसानं स्वतःच्याच लग्नात किती मोठं गाढवपण करावं ते.

इतकी वर्षं बेळगावच्या साप्ताहिकात बातमीदारी करतोय. कलेक्टरापासून रस्त्यावरच्या दिवाबत्तीवाल्यापर्यंत सगळ्यांशी भांडून झालं. सभेत चपला झेलल्या, दारातून हाकलून दिलं तर खिडकीतून आत शिरलो. कशाची लाज वाटली नाही. पण ती एक संध्याकाळ आठवली की आजही घास घशाखाली उतरत नाही. आणि माझी ती दशा केली कुणी? दोन घोड्यांनी. घोडी तरी कसली हो! बोकडाएवढी!

आमचं घर अनगोळचं, शेतकऱ्याचं. त्यात मी पहिला बी. ए. आई लवकर गेली, थोरल्या बहिणीनं, आक्कानं, मला वाढवलं. मुलगी निपाणीच्या एका वकिलांची. नाव इंदू. आक्कानं त्या घरी इतक्या खेपा घातल्या की शेवटी वकील थकून 'हो' म्हणाले. पण म्हणताना मला समोर बसवून एक अट घातली.

"मुहूर्त गोरजाचा आहे. तो चुकता कामा नये. यंदाचा हा शेवटचा चांगला मुहूर्त. चुकला तर चातुर्मास संपेपर्यंत थांबावं लागेल, आणि तोवर माझं मन असंच राहील याची हमी मी देत नाही. मुळात बातमीदाराला मुलगी द्यायला माझं मन तयार नव्हतं."

मी म्हणालो, "वकीलसाहेब, वेळ पाळणं हा माझा धंदा आहे."

बोलून गेलो! तोंड आहे ना, त्याला काय!

लग्नाच्या आदल्या दिवशी आमचं वऱ्हाड निपाणीत उतरलं. जानवशाला जागा मिळाली ती वकिलांच्या एका पक्षकाराच्या तंबाखूच्या वखारीत. जागा ऐसपैस, पण एका भिंतीला छतापर्यंत तंबाखूची पोती, आणि हवेत असा खकाणा की श्वास घेतला की नाक हुळहुळायचं. आल्याआल्या आमचं वऱ्हाड शिंकायला लागलं.

आता इथं आमच्या आप्पांची ओळख करून द्यायला हवी. आप्पा म्हणजे माझे चुलते, वऱ्हाडाचे पुढारी. उभ्या अनगोळात शिंकेला त्यांच्याइतका भिणारा माणूस नव्हता. निघताना कुणी शिंकलं की जुंपलेले बैल सोडायचे, पाणी प्यायचे, घटकाभर बसायचे, मग पुन्हा जुंपायचे. अशा माणसाला तंबाखूच्या वखारीत उतरवलं! दैव म्हणतात ते असं.

वखारीच्या अंगणात ती दोन घोडी होती. बेळगावच्या कॅम्पातल्या कुणा गोऱ्या साहेबानं आपल्या पोरांसाठी विलायतेहून आणवलेली. साहेब बदलून गेला, तेव्हा वखारवाल्या शेठजींनी हौसेनं ती घेतली, त्यांच्या छोट्या बग्गीसकट. माझ्या कमरेलाही न लागणारी, अंगावर मेंढीसारखे केस, डोळ्यांवर झुलपं. नराचं नाव लाट, लाटसाहेबातला, आणि मादीचं मडम.

त्या दुपारी पावसाची एक सर आली. बघतो तर काय, तबेल्याचं दार सताड उघडं, आत कोरडी वैरण, आणि ही दोन्ही मुकी जनावरं उघड्यावर भिजत उभी! त्यांना सांभाळणारा मारुती मात्र आत बसून विडी ओढतोय!

माझ्यातला बातमीदार पेटला.

"अरे, लाज नाही वाटत? जनावरं पावसात आणि तू आत?"

"भिजू द्या की सायेब. दार उघडंच हाय. जात न्हाईत, त्याला मी काय करू?"

"असं कुठलं जनावर आपण होऊन पावसात उभं राहील?"

"रुसल्यात सायेब. सायबाची पोरं विलायतेला गेली, तवापासनं रुसल्यात. पाऊस आला की मुद्दाम भाईर येत्यात. कुणी बगावं म्हणून."

"थापा मारू नकोस! मजुरांना उपाशी राहायची सवय असते असं गिरणीमालकही सांगतात!"

मी स्वतः दोघांना ढकलत तबेल्यात नेलं आणि कडी घातली. हात झटकून वळतोय तोच आतून लाथांचा असा भडिमार सुरू झाला की दाराची फळीच निखळली. त्या फटीतून आधी मडम आली, मागून लाट आला, आणि दोघं पुन्हा पूर्वीच्याच जागी भिजत उभी राहिली.

शहाणा माणूस यातून काहीतरी शिकला असता. मी काय निष्कर्ष काढला? तबेल्याची कडी हलक्या प्रतीची आहे!

दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्यासाठी पांढरी घोडी आली. भाड्याची. झूल वर करून बघितली तर पाठीला खोगिराची ही एवढी जखम.

"या घोडीवर मी बसणार नाही," मी जाहीर केलं.

आप्पा म्हणाले, "बस की रं गप. वाट केवढी ती? मधला बाजाराचा माळ वलांडला की नवरीचं दार."

"माळ असो नाहीतर मैल असो. मुक्या जनावराचा छळ करून मी बोहल्यावर चढणार नाही. चालत जाईन!"

चालत म्हटल्याबरोबर आक्का पुढं आली. "चालत? आपल्या घरची चाल ठावं न्हाय व्हय तुला? नवरीच्या आईनं पाय धुईपातूर नवऱ्याचा पाय भुईला टेकायचा न्हाय. टेकला की मोडता आला."

असल्या चालीरीतींवर मी आमच्या साप्ताहिकात लेखमाला लिहिली होती. पण आक्कासमोर माझं बी. ए. चालत नाही. इकडं तिकडं बघता बघता माझी नजर अंगणात गेली.

"ती बग्गी जोडा!"

"ती?" आप्पांचा आवाज चिरकला. "ती पोरांची हाय रं! तू मावशील तिच्यात?"

"घोडी धडधाकट आहेत, अंगावर जखम नाही, दिवसभर बसून खातात. त्यांना काम देण्यात छळ नाही."

आक्का म्हणाली, "रुखवतातल्या बावल्यागत दिसशील."

मारुतीला मात्र हुरूप आला. "जोडतो की सायेब! लई पळत्यात. मोटारीला मागं टाकत्यात!"

तर अशी ही माझी स्वतःची निवड. कुणी गळ्यात बांधली नाही. हे लिहून ठेवा.

बग्गीत बसलो. गुडघे कानाला लागले. डोक्याला फेटा आणि मुंडावळ्या, अंगावर जरीचा शेला, हातात टोकाला लिंबू खोचलेली कट्यार. ताशे कडाडले, सनई लागली, पोरं खिदळली. वखारीतून निघालो तेव्हा उन्हं कलली होती आणि मुहूर्ताला चांगला अवकाश होता. माळाच्या मधोमध आलो आणि वळवानं गाठलं.

वैशाखातला आमच्याकडचा वळीव तुम्ही बघितलाय ना? आधी धूळ, मग अंधार, मग गारा. मंडपातली गाणी ऐकू येत होती ती एका झटक्यात बुडाली. बाया किंचाळल्या, ताशेवाल्यांनी ताशे डोक्यावर घेतले, आणि सगळं वऱ्हाड मागं वळून वखारीकडं पळत सुटलं. मारुतीनं लगाम माझ्या हातात कोंबला, "आलोच सायेब" म्हणाला, आणि त्या सगळ्यांच्या आधी वखारीत पोचला.

मी लगाम ओढला. "चला रे, मागं चला!"

लाट आणि मडम थांबली. सावकाश वळली. वाऱ्याकडं पाठ केली, माना खाली घातल्या, डोळे मिटले आणि स्तब्ध झाली. एखाद्या पुण्यवान जोडप्यानं गंगेत उतरून डोळे मिटावेत, तशी! इतका वेळ कंटाळलेली ती जनावरं पहिल्यांदाच मला सुखी दिसली.

मागं वखार, कोरडी. पुढं मंडप, कोरडा. आणि मधे मी!

"अरे, ओढा कुणीतरी!" मी ओरडलो.

वखारीच्या दारातून आप्पांचा आवाज आला. "आलो, आलो! चला रं चौघंजणं. बग्गीच उचलून न्हेऊ!"

"आऽऽक्छी!"

"थांबा! कोन शिंकलं? बसा सगळी. पानी प्या."

"अहो आप्पा, मी इथं भिजतोय!"

"शुभ कामाला निगालोय बाबा. शिंकंवर पाय टाकू व्हय? जरा दम धर... हां, उठा आता. देवाचं नाव घिऊन..."

"आऽऽक्छी! आक्छी!"

"बसा!"

सगळं वऱ्हाड तंबाखूच्या खकाण्यात उभं. तिथं शिंक थांबणार कशी? एक आवरतोय तोवर दुसरा, दुसऱ्याचं ऐकून तिसरा. आणि दर शिंकेला माझे चुलते वऱ्हाड खाली बसवतायत! पावसात उभी राहणारी दोन घोडी परवडली, पण ही कोरड्यात बसलेली माणसं!

मी एक पाय खाली सोडला. लगेच आक्काची किंकाळी.

"पाय टेकू नगं रं बाळा!"

"आक्का, बग्गीत पाणी भरलंय! बुडतोय मी!"

"बुड! पन पाय वर घे!"

मग मी घोड्यांच्या विनवण्या सुरू केल्या. आयुष्यात मी कलेक्टराला कधी विनंती केली नाही, पण त्या लाटाला केली. "बाबा, वखारीत हरभरा आहे. कोरडी जागा आहे. तुझ्या पाया पडतो, चल." लाटानं एक डोळा उघडला, माझ्याकडं बघितलं आणि परत मिटला.

तेवढ्यात गारा थांबल्या, नुसता पाऊस राहिला, आणि मंडपातून सनईचा सूर आला. गोरज! वकिलांचा चेहरा डोळ्यांसमोर उभा राहिला. चातुर्मास, हमी, सगळं आठवलं. पाय टेकला तर नुसता मोडता, मुहूर्त चुकला तर लग्नच मोडायचं! भिजलेला शेला मणभर जड झाला होता. तो काढून बसायच्या फळीवर टाकला, त्यात कट्यार गुंडाळली, आणि उतरलो. दोन्ही पाय चिखलात! मागं आक्कानं हंबरडा फोडला.

मी पुढं होऊन लाटाचा लगाम धरला. आणि त्याच क्षणी, आता बोला, वखारीच्या दारात कुणीतरी ठेवलेला ताशा वाऱ्यानं सुटला आणि माळावरून टणटण आपटत, घरंगळत आमच्या अंगावर आला!

जी घोडी गारांना हलली नाहीत, ती ताशाला उधळली. माझ्या हातातून लगाम सुटला. बग्गी, शेला, कट्यार, सगळं घेऊन दोघं सरळ मंडपाच्या दिशेनं नाहीशी झाली. मी मागं धावलो आणि काळ्या मातीत असा आडवा झालो की फेटा एकीकडं, मुंडावळ्या एकीकडं, दोन्ही जोडे कायमचे भूमिगत. तोंड पुसलं ते चिखलाच्याच हातानं. उठून धावलो, तर पावसात दिसेना, भलत्याच गल्लीत शिरलो, तिथून परत फिरलो.

आता मंडपात काय घडलं ते मला मागाहून कळलं, पण तुम्हाला आधीच सांगून टाकतो.

वकिलांच्या दारात दोन बुटकी घोडी येऊन थांबली. लोकांनी "आत घ्या, आत घ्या" म्हणून मंडपाखाली ओढली, तर आत येईनात. पावसातच उभी. आणि बग्गीत नवरदेव नाही! नुसता शेला, आणि त्यात नीट गुंडाळलेली कट्यार.

वकिलांचं घराणं जुनं. त्यांच्या घराण्यात चाल होती, की नवरदेव लढाईवर गुंतला किंवा त्याला येणं अशक्य झालं, तर त्यानं आपला खांडा, म्हणजे तलवार नाहीतर कट्यार, पाठवावा, आणि मुलीनं त्या खांड्याला माळ घालावी. वकिलांच्या आजीचं लग्न असंच झालेलं. त्यांनी ती कट्यार बघितली मात्र, त्यांच्या अंगावर काटा उभा राहिला. खांडा कोण पाठवतं? ज्याला येता येत नाही तो. याला येता का येत नाही? हा सरकारविरुद्ध लिहितो. म्हणजे?

"धरलं!" वकील ओरडले. "जावईबापूंना वाटेत धरलं! आणि जाता जाता मर्दानं खांडा पाठवला!"

बातमीदाराला मुलगी द्यायला ज्यांचं मन तयार नव्हतं, त्या वकिलांच्या डोळ्यांत पाणी आलं. माळ ओलांडून कुणी विचारायलाही गेलं नाही. पाऊस होता ना! शिवाय मुहूर्त!

मी मंडपाच्या दारात पोचलो तो अनवाणी, बोडका, नखशिखांत चिखलाचा. दारावरच्या बिल्लेवाल्या स्वयंसेवकानं छातीवर हात ठेवून अडवलं.

"ए, कुठं? वाजंत्र्यातला न्हवं तू? मागं उभा ऱ्हा. लग्न लागतंय."

"कुणाचं?"

"कुनाचं म्हंजे? इंदूताईंचं."

"कुणाशी?"

"खांड्याशी! नवरदेवाला पोलिसांनी उचलला वाटंत. लई मोठा मानूस! त्येच्या लेखणीपुढं सरकार चळाचळा कापतंय!"

आता सांगा, तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं? ओरडला असता ना, 'अरे, नवरदेव मीच'? कुणीही ओरडला असता. मी काय केलं?

मी विचारलं, "खरंच कापतंय?"

"मंग! ऐक की, वकीलसाहेब बोलत्यात."

आणि मी ऐकत राहिलो! वकील बोहल्याजवळ उभे राहून बोलत होते. "असा जावई मिळायला भाग्य लागतं... लेखणी म्हणजे तलवार..." लोक माझ्या नावाचा जयजयकार करत होते. अहो, इतकी वर्षं सरकारवर आग पाखडली, पण सरकारनं साधी समजही दिली नव्हती. बरोबरीचे दोघंतिघं तुरुंगात जाऊन, हार घालून घेऊन, परतही आले होते. माझ्याकडं कुणी ढुंकून बघेना. आणि इथं अख्खा मंडप माझ्यासाठी रडतोय! वाटलं, एवढं वाक्य संपू दे. मग वाटलं, एवढा जयजयकार संपू दे. कुणीतरी माझ्या हातात अक्षता दिल्या. मंगलाष्टकं सुरू झाली. भटजींनी "सावधान" म्हटलं की सगळ्यांबरोबर माझाही हात उठायचा. आणि नेम काय साधत होता! थेट बोहल्यावर!

मुलीकडच्या ताशांचा कडकडाट झाला, इंदूनं पाटावर उभ्या केलेल्या कट्यारीला माळ घातली, तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. माझं लग्न लागलं. मी हजर होतो. पाहुणा म्हणून. तोही मागच्या रांगेत, वाजंत्र्यांत!

"अहो, थांबा!" गर्दी सारत मी बोहल्यापाशी आलो. "मी इथं आहे! नवरदेव मी आहे!"

वकिलांनी जवळ येऊन माझ्या तोंडावरचा चिखल बोटानं पुसला आणि ओळखलं. मला वाटलं, आता मिठी मारतील.

"सुटलात?" ते म्हणाले. "एवढ्यात?"

"धरलंच नव्हतं मला."

"मग होता कुठं?"

"घोडी... पावसातनं हलेनात."

काय सांगू तुम्हाला त्या मंडपाची अवकळा! नवरदेव सुखरूप आला म्हणून लोक असे सुतकी चेहरे करून बसलेले तुम्ही कधी बघितलेत? एक म्हातारबा तर डोळे पुसलेला रुमाल पिळत म्हणाले, "फुकट रडलो की वो आमी."

वकिलांचा चेहरा पांढरा पडला. एवढं भाषण केलेलं, एवढ्या लोकांसमोर! त्यांनी चारी बाजूंना बघितलं. पाहुण्यांत पहिल्याच ओळीत निपाणीचे फौजदार पान चघळत बसले होते. बेळगावहून परस्पर कुणी धरलं असेल, आपण कशाला बोला, म्हणून ते इतका वेळ गप्प राहिले होते. वकील त्यांच्यापाशी गेले आणि हात जोडून, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा कुजबुजीत म्हणाले,

"फौजदारसाहेब, आता अब्रू तुमच्या हातात. यांना घटकाभर तरी चौकीवर न्या."

फौजदार भला माणूस. पान गालात सारून म्हणाले, "नेतो की. तुमच्या शब्दाबाहेर आहे का मी? पण काहीतरी कारण दाखवावं लागेल. यांनी लिहिलंय तरी काय?"

वकील माझ्याकडं वळले. "सांगा, काय लिहिलंय?"

"दर आठवड्याला लिहितो," मी म्हणालो. "अगदी जळजळीत लिहितो."

"मग एखादा अंक असेलच कुणाकडं." वकिलांनी मंडपाकडं बघितलं. "काय हो, कुणी वाचलंय यांचं?"

कुणी मान हलवेना. मघाशी माझ्या नावानं घसा फोडणारे सगळे आपापल्या पायांकडं बघत होते.

"मी वाचलंय."

बोहल्यावरून आवाज आला. इंदू! माझी बायको! आयुष्यात पहिल्यांदा तिचा आवाज ऐकला तो असा. वाटलं, चिखलात लोळलो त्याचं सार्थक झालं. सगळ्या जगात एक माणूस तरी आहे, आणि ते माझ्याच घरात येतंय!

तिनं पदर सारखा केला, फौजदारांकडं बघितलं आणि अगदी शांतपणे म्हणाली,

"लग्न ठरल्यापासनं एकूण एक अंक वाचला, काका. धरण्यासारखं त्यात कायबी न्हाय."